गळ, फिरकी आणि अंगठा

नगर-मनमाड हमरस्ता ज्या ठिकाणीं प्रवरा नदी ओलांडतो, तें गांव म्हणजे कोल्हार. जिल्ह्याचें नांव आज अहिल्यानगर झालें आहे. रस्त्याचें नांव मात्र लोकांच्या तोंडीं अजून जुनेंच आहे. भगवतीदेवीच्या देवळामुळें हें गांव पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. नदीच्या वरच्या अंगास भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि तेव्हांपासून पाऊसकाळाखेरीज प्रवरेचें पाणी बहुतांशीं माणसाच्या हिशेबानें वाहतें. धरणांतून नदींत पाणी सोडलें कीं पात्र भरतें. पाणी बंद झालें कीं डोह आणि बंधाऱ्यांचे फुगवटे तेवढे शिल्लक राहतात. मरळ, वाम, शिंगाळा हे मासे अशाच पाण्याचे रहिवासी. कटला, रोहू आणि परदेशांतून आलेली चिलापी हीं मागाहून त्यांच्या शेजारीं येऊन राहिलीं.

अशा डोहाच्या कांठीं गळ टाकून बसणें हा छंद नवा नाहीं. बांबूची एक काठी, तिच्या टोकाला दोरा, दोऱ्याला तरंगणारें बूच, गळाला गांडूळ नाहीं तर कणकेची गोळी, एवढी सामग्री पिढ्यान्‌पिढ्या पुरली. तिच्यांत एकच उणीव असे. काठी आणि दोरा मिळून जेवढी लांबी, तेवढ्याच अंतरावर गळ पडावयाचा. मासा त्यापलीकडे उसळी मारी आणि कांठावरचा माणूस ती नुसती पाहत राही. ही उणीव रिळानें दूर केली. मात्र दूर करतांना त्यानें माणसाच्या हातीं एक नवी कटकट दिली, आणि तीच ह्या भाषणाचा विषय आहे.

शहरांतला एखादा नोकरदार तरुण कांहीं हजार रुपये खर्चून बेटकास्टिंग जातीचें रीळ विकत घेतो. रविवारीं मोठ्या उमेदीनें नदीवर जातो, काठी मागें नेऊन जोरानें पुढें हाणतो, आणि पुढच्याच क्षणीं रिळावर दोऱ्याचा असा गुंता होतो कीं सुगरण पक्ष्यानेंहि पाहून थक्क व्हावें. उरलेली सकाळ तो गुंता सोडविण्यांत जाते. दुसऱ्या रविवारीं तोच प्रकार. तिसऱ्या रविवारीं रीळ कपाटांत जातें आणि यंत्र वाईट असा निकाल दिला जातो. वस्तुतः यंत्र उत्तम असतें. त्याला लगाम किती आणि कोणत्या वेळीं द्यावा, हें कोणीं सांगितलेलें नसतें इतकेंच.

प्रथम ह्या यंत्राची थोडी कुळकथा पाहूं. गळानें मासा धरण्याचा नाद आपल्याकडे राजेरजवाड्यांनाहि होता. कल्याणीच्या गादीवरील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें सुमारें ११३० मध्यें 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. ह्या ग्रंथांत राजाच्या करमणुकींचें वर्णन करतांना मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. माशांच्या जाति, त्यांचें खाद्य आणि गळाची सामग्री ह्यांचा त्यांत विचार आहे. पुढें इंग्रजी अमदानींत कर्नल साइक्स ह्या अधिकाऱ्यानें दख्खनच्या नद्यांतील माशांचीं वर्णनें १८३९ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यानें पुष्कळ माशांना शास्त्रीय नांवें देतांना येथल्याच लोकांच्या तोंडचे शब्द उचलले. म्हणून खुद्री, कोळस, नुक्ता, ताकरी असे शब्द आज जगांतील प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत लॅटिन वेष घालून बसलेले आढळतात. १८७३ सालीं हेन्री सलिव्हन टॉमस ह्या मुलकी अधिकाऱ्यानें हिंदुस्थानांतील गळ-काठीच्या शिकारीवर एक मोठा ग्रंथच लिहिला.

रीळ मात्र बाहेरून आलें. चीनमध्यें बाराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचें एक चित्र आहे. त्यांत नावेंत बसलेल्या कोळ्याच्या काठीला लहानसें चाक लावलेलें स्पष्ट दिसतें. युरोपांत तें बरेंच मागाहून रुळलें. इंग्लंडांतील नॉटिंगहॅम हें लेस विणणारें शहर; तेथल्या लांकडी रिळांना त्या शहराचेंच नांव मिळालें. परंतु आज ज्याला बेटकास्टिंग रीळ म्हणतात त्याचा जन्म अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशांत झाला. पॅरिस नांवाच्या लहानशा गांवीं जॉर्ज स्नायडर हा घड्याळजी राहत असे. त्यानें घड्याळाच्या दातेरी चाकांची युक्ति रिळाला लावली. मुठीचा एक फेरा दिला असतां दोरा गुंडाळणारी फिरकी कित्येक फेरे फिरूं लागली. पुढें त्याच शतकाच्या अखेरीस विल्यम शेक्सपियर नांवाच्या गृहस्थानें—नाटककाराशीं ह्याचा कांहीं संबंध नाहीं—फिरकीवर दोरा एका अंगास न सांचतां सारखा पसरावा म्हणून पुढें-मागें सरकणारी कडी बसविली. विसाव्या शतकांत ह्या रिळांसाठीं नांवाजलेला स्वीडनमधील आबू हा कारखानाहि मूळचा घड्याळांचाच. तो १९२१ सालीं निघाला. घड्याळजीच्या हातून निघालेल्या यंत्राला घड्याळासारखेंच जपून लावावें लागतें, ह्यांत नवल नाहीं.

ह्याला एक धाकटा भाऊहि आहे. कापडगिरणीच्या धंद्यांत वाढलेल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ ह्या इंग्रजानें १९०५ सालीं निराळ्या धर्तीच्या रिळाचें पेटंट घेतलें. त्यांत गळ फेंकतांना फिरकी मुळींच फिरत नाहीं. कांडीच्या टोकावरून सूत निसटावें तसा दोरा तिच्या कडेवरून सुटत जातो. दोऱ्याला लगाम घालण्याची जबाबदारी तेथें जवळजवळ नाहींच. म्हणून नवशिक्याला तें सोपें जातें. बेटकास्टिंग रिळांत दोरा सुटावयाचा तर सबंध फिरकी फिरली पाहिजे. अचूकपणा आणि जाड दोरा वागविण्याची ताकद हा त्याचा गुण, आणि गुंता हा त्याच गुणाच्या पोटीं आलेला दोष.

हा दोष कां उत्पन्न होतो, हें समजण्यासाठीं येवल्यास जावें. कोल्हारहून तें फार दूर नाहीं. संक्रांतीच्या दिवसांत तेथील प्रत्येक गच्चीवर पतंग उडतात, आणि मांजा ज्या बांबूच्या चाकावर गुंडाळतात त्याला तेथें आसारी म्हणतात. पतंग वाऱ्यावर जोरानें ओढत असेपर्यंत आसारी भरकन्‌ फिरते आणि मांजा ताठ राहतो. परंतु वारा एकदम पडला किंवा पतंग काटला गेला, तर ओढ थांबते. आसारी मात्र आपल्या वेगानें फिरतच राहते. मांजा सैल पडतो, वेटोळीं होतात, आणि एकमेकांत अडकतात. जाणता मुलगा त्याच क्षणीं आसारीला बोट लावतो. गळाच्या रिळाची सारी विद्या ह्या एका बोटांत आहे.

थोडा हिशेब केला तर हें अधिक स्पष्ट होईल. फिरकीचा व्यास ३५ मिलिमीटर धरला, तर तिचा घेर सुमारें ११० मिलिमीटर होतो. आमिष सेकंदाला २२ मीटर वेगानें सुटलें, तर त्याला दोरा पुरविण्यासाठीं फिरकीला सेकंदाला २०० फेरे घ्यावे लागतात. मिनिटाच्या मापानें १२,०००. हा वेग तिला डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच गांठावा लागतो. पुढें हवेच्या विरोधामुळें आमिष मंदावूं लागतें. समजा, आमिषाचा वेग २० मीटरवर आला आणि फिरकी मात्र २२ मीटरच्या हिशेबानेंच फिरत राहिली. अर्ध्या सेकंदांत एक मीटर दोरा जास्त सुटला, म्हणजे फिरकीवर नऊ वेटोळीं सैल झालीं. एवढा गुंता पुरे आहे. तात्पर्य, आमिष जसजसें मंद होईल तसतशी फिरकीहि मंद झाली पाहिजे; अगोदर नाहीं, कारण मग गळ दूर जाणार नाहीं, आणि मागाहूनहि नाहीं, कारण मग गुंता होणार.

ह्यासाठीं रिळाला तीन लगाम दिलेले असतात. पहिला ताणाच्या चावीचा, दुसरा ब्रेकचा आणि तिसरा माणसाच्या अंगठ्याचा. तिघांचीं कामें निराळीं आहेत. हा भेद न कळल्यामुळेंच बहुतेक सगळी निराशा पदरीं येते.

ताणाची चावी ही साधारणतः मुठीच्या बाजूस असलेली एक लहान गोल टोपी असते. ती आवळली म्हणजे फिरकीच्या आंसाचें टोक दाबलें जातें आणि घर्षण उत्पन्न होतें. हें घर्षण फिरकी जोरानें फिरत असतां जेवढें असतें, तेवढेंच ती मंद झाल्यावरहि असतें. वेगाकडे पाहून कमीजास्त होण्याची अक्कल त्याला नाहीं.

ब्रेकचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकांत फिरकीच्या कडेला चार-सहा लहान ठोकळे खिळ्यांवर सरकते बसविलेले असतात. गोफणींतला दगड जसा बाहेर ओढ घेतो, तसे फिरकी फिरूं लागतांच हे ठोकळे बाहेर झेंपावतात आणि सभोंवारच्या कड्याला घासतात. त्यांचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. दुसऱ्या प्रकारांत कसलेंच घासणें नसतें. अॅल्युमिनियमच्या फिरकीजवळ लोहचुंबक ठेवलेले असतात. धातू चुंबकाजवळून फिरूं लागली कीं तिच्यांत विजेचे भोंवरे उत्पन्न होतात आणि ते फिरण्यालाच विरोध करतात. हा चमत्कार फ्रेंच शास्त्रज्ञ फूको ह्यानें १८५५ सालीं दाखविला. जुन्या घरगुती वीजमीटरांत जी चकती हळुहळु फिरत असे, तिला आवरण्यासाठींहि हीच युक्ति योजलेली होती. ह्या ब्रेकचा जोर वेगाच्या सरळ प्रमाणांत बदलतो. अलीकडे लहानशा विद्युत्‌-गणकाच्या साह्यानें ब्रेक आपोआप कमीजास्त करणारीं रिळेंहि निघालीं आहेत. पण त्यांतील मूळ विचार हाच आहे.

आतां तिघांची तुलना करूं. पूर्ण वेगांत तिघांचाहि विरोध प्रत्येकीं सोळा भाग आहे, असें धरा. वेग निम्मा झाला म्हणजे चावीचा विरोध सोळाच राहील, चुंबकाचा आठ होईल, आणि ठोकळ्यांचा चारच राहील. वेग चौथाईवर आला कीं चावीचा सोळा, चुंबकाचा चार, ठोकळ्यांचा एक. ह्या आंकड्यांत सगळें मर्म आलें. गुंता बहुधा प्रथम होतो तो फेंकीच्या आरंभीं, जेव्हां फिरकी बेफाम सुटते. त्या वेळीं ठोकळे पुरा जोर लावतात आणि पुढें स्वतः बाजूला होतात. चुंबक मधल्या टप्प्यांतहि साथ करतो. चावी मात्र शेवटपर्यंत हटत नाहीं. नवशिका घाबरून चावीच करकचून आवळतो; त्यामुळें आरंभींचा गुंता टळतो खरा, पण आमिष उतरणीला लागलें असतां, जेव्हां त्याला कसलाच अडथळा नको असतो, तेव्हांहि ती त्याला मागें ओढत राहते. गळ पंचवीस पावलांवर जावयाचा तो दहा पावलांवर पडतो. मग तो काठी अधिक जोरानें हाणतो. झटका बसला कीं फिरकी पुन्हां उसळते आणि गुंता पुन्हां हजर. हें चक्र त्यानें स्वतःच उत्पन्न केलेलें असतें.

म्हणून रीळ लावण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम ब्रेक जवळजवळ पूर्ण लावून घ्यावा. नंतर जें आमिष वापरावयाचें तेंच दोऱ्याला बांधून काठी समोर धरावी आणि आमिष टोकाखालीं वीतभर लोंबतें ठेवावें. अंगठा फिरकीवर ठेवून दोरा मोकळा करणारी कळ दाबावी आणि मग अंगठा अलगद उचलावा. आमिष धपकन्‌ कोसळलें तर चावी थोडी आवळावी. हललेंच नाहीं तर थोडी सैल करावी. ओझें उतरविणाऱ्या हमालानें पोतें सांभाळून ठेवावें, तशा गतीनें आमिष खालीं आलें पाहिजे, आणि तें जमिनीला टेकतांच फिरकी थांबली पाहिजे. टेकल्यावरहि ती एका फेऱ्याहून अधिक फिरत राहिली, तर ताण अजून अपुरा आहे असें समजावें.

ही कसोटी शिकाऊ माणसाची आहे. हात बसल्यावर जाणते लोक चावी याहून सैल ठेवतात. फिरकीला दोन्ही बाजूंनीं धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावें. ती कडेला खटखटत असेल तर चावी आवळीत जावें, आणि खटखट जेथें नाहींशी होते तेथेंच थांबावें. बाकीचें सारें काम ब्रेक आणि अंगठा ह्यांवर सोंपवावें. ह्या पद्धतींत गळ अधिक दूर जातो. परंतु अंगठा शिकण्यापूर्वीं ती पत्करूं नये.

चावी लागल्यावर ब्रेक कमी करीत जाण्याची पाळी येते. दहा-बारा फेंकी सलग निर्वेध गेल्या कीं ब्रेक एका अंशानें कमी करावा, आणि पुन्हां दहा-बारा फेंकी कराव्या. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चावी आणि ब्रेक दोन्ही एकदम फिरविलीं, तर सुधारणा किंवा बिघाड कशामुळें झाला तें कळत नाहीं. शाळेंतल्या प्रयोगशाळेचा हा नियम नदीकांठींहि तितकाच खरा आहे. आरंभीं बारा ते पंधरा ग्रॅम वजनाचें एकच आमिष वापरावें. हलकें आमिष फिरकीला नीट ओढूं शकत नाहीं, आणि वजन बदललें कीं लावणी पुन्हां करावी लागते. हा सराव मोकळ्या मैदानावर, गळ काढून टाकून, नुसतें वजन बांधून करावा. त्यांत पोरांच्या डोळ्यांना धोका नाहीं आणि पाण्यांत कांहीं हरवत नाहीं. वारा समोरून असेल तर आमिष लवकर मंदावतें; तेव्हां ब्रेक वाढवावा आणि फेंक खालून, पाण्याच्या सपाटीलगत करावी. वारा पाठीशीं असेल तर थोडी मोकळीक द्यावी.

आतां तिसरा लगाम. फेंकीच्या आरंभापासून अखेरपर्यंत अंगठा फिरकीच्या इतका जवळ असावा कीं फुगलेलें पहिलें वेटोळें त्याला लागलें पाहिजे. त्यानें दाबावयाचें नसतें. तापलेल्या तव्याचा अंदाज घेतांना गृहिणी जसा हात जवळ नेते, तसा हलका स्पर्श पुरे होतो. दोरा फुगूं लागला असें जाणवतांच तो किंचित्‌ टेकवावा. आमिष पाण्याला लागण्याच्या क्षणभर आधीं मात्र तो पुरता दाबून फिरकी थांबवावी. कारण पाण्यानें आमिषाला एकदम अडविलें आणि फिरकी मोकळी राहिली, तर शेवटच्या टप्प्यांतला तो गुंता कोणताहि ब्रेक टाळूं शकत नाहीं. ब्रेकचा जोर वेगाबरोबर उतरतो आणि येथें तर वेग उतरलेलाच असतो.

आणखी एक घोटाळा सर्वत्र आढळतो. मुठीच्या मुळाशीं चांदणीच्या आकाराचें एक चाक असतें. पुष्कळ लोक तें फिरवून फेंक सुधारूं पाहतात. तें चाक ड्रॅगचें. फेंकतांना फिरकी दातेरी चाकांपासून सुटलेली असते, म्हणून त्या चाकाचा फेंकीशीं कांहीं संबंध पोंचत नाहीं. मासा गळाला लागून पळूं लागला म्हणजे दोरा तुटण्यापूर्वीं फिरकीनें थोडी माघार घ्यावी, हें ड्रॅगचें काम. दोरा जेवढ्या ओढीनें तुटतो, तिच्या चौथाईपासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत तो लावावा. दोऱ्याची ताकद सहा किलोची असेल, तर ताणकाट्याला दोरा बांधून दीड ते दोन किलोच्या ओढीला फिरकी सरकते कीं नाहीं, तें पाहावें. हातानें केलेला अंदाज बहुधा चुकतो.

दोरा भरण्यांतहि नियम आहे. तो फिरकीच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर आंत राहील इतका भरावा. कांठोकांठ भरला तर वेटोळीं बाहेर उसळतात. फार कमी भरला तर लहान घेरामुळें फिरकीला अधिक फेरे घ्यावे लागतात. शिकतांना सुमारें ०.३० मिलिमीटर जाडीचा तंगुसाचा दोरा चांगला. तो गुंतला तरी सुटतो. विणलेला दोरा मजबूत असतो, पण धातूवर तो घसरतो, म्हणून त्याच्याखालीं थोडा तंगुसाचा दोरा आधीं गुंडाळून घ्यावा. नदीची बारीक वाळू रिळांत गेली तर सगळी लावणी व्यर्थ जाते; म्हणून घरीं आल्यावर रीळ पुसून आंसाच्या टोकांना तेलाचा एकेक थेंब द्यावा. ठोकळ्यांच्या कड्याला मात्र तेल लागूं देऊं नये. घासणें हेंच ज्याचें काम, त्याला तेल पाजून निसरडें करण्यांत अर्थ नाहीं.

इतकें करूनहि गुंता झालाच, तर चाकू काढण्याची घाई करूं नये. ड्रॅग पुरता आवळून अंगठा फिरकीवर घट्ट दाबावा आणि मुठीला दोन-तीन फेरे द्यावे. अंगठ्याखालीं दबलेलीं वेटोळीं सपाट होतात. मग कळ दाबून दोरा सावकाश बाहेर ओढावा, अडेल तेथें पुन्हां तेंच करावें. बहुतेक गुंते एवढ्यानें उलगडतात. नंतर ड्रॅग पूर्वीच्या मापावर आणण्यास विसरूं नये. जो गुंता सुटत नाहीं आणि कापावाच लागतो, तो खिशांत घालून घरीं न्यावा. तंगुसाचा दोरा मातींत कुजत नाहीं. तो वर्षानुवर्षें कांठावर पडून राहतो. बगळे, टिटव्या, पाणकावळे ह्यांच्या पायांत तो अडकतो, आणि पाय सोडविण्यासाठीं त्यांना अंगठा नसतो. माणसाचा अर्ध्या तासाचा वैताग पक्ष्याच्या जिवावर बेततो, तो असा.

येथवर यंत्राची गोष्ट झाली. ह्या सगळ्या खटपटीचा उपयोग कोल्हारसारख्या ठिकाणीं काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर मरळ माशापाशीं आहे. मरळ उघड्या पाण्यांत क्वचित्‌ राहते. पाणवनस्पतींच्या दाटींत ती दबा धरून बसते. तिला हवा पाण्याबाहेर तोंड काढून घ्यावी लागते, म्हणून ती मधूनमधून वर येते आणि आपली जागा सांगून जाते. तेथें बेडकाच्या आकाराचें आमिष टाकावयाचें, तर तें झाडोऱ्याच्या फटींत, एखाद्या ताटाएवढ्या जागेंत पडलें पाहिजे, आणि मासा लागला तर गवतासकट त्याला ओढून आणणारा जाड दोरा पाहिजे. हें काम बेटकास्टिंग रिळाइतकें दुसरें साधन क्वचितच करतें. म्हणूनच ह्या रिळाची लावणी शिकण्यास इतकें मोल आहे.

परंतु ह्याच कौशल्याला एक कसोटी आहे. पावसाळ्यांत मरळीचीं पिलें निघतात. लालसर, शेंदरी रंगाच्या पिलांचा घोळका पाण्याच्या पृष्ठावर बुडबुडे काढीत फिरतो, आणि त्याच्याखालीं आईबाप पहारा करीत असतात. ह्या घोळक्यावर आमिष पडलें कीं मोठी मरळ त्यावर तुटून पडते. तिला भूक लागलेली नसते. पिलांवर घाला आला असें तिला वाटतें. फेंकणाऱ्याला तो क्षण मोठ्या विजयाचा वाटतो. खरें पाहतां त्यांत कौशल्य थोडेंच असतें, कारण तेथें मासा स्वतः चालून येतो. राखण नाहींशी झाली कीं तीं शेंकडों पिलें इतर माशांच्या तोंडीं जातात, आणि पुढच्या वर्षीं तोच डोह मुका होतो. डोह आधींच थोडे उरले आहेत. वाळूच्या उपशानें नदीचें पात्र ओरबाडलें गेलें आहे आणि उन्हाळ्यांत पाणी आटल्यावर उरलेले मासे एकाच डबक्यांत कोंडले जातात. शिवाय जलाशयांतील मासेमारीचे हक्क बहुधा कोळी बांधवांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानें दिलेले असतात. त्यांच्या पाण्यावर हौसेचा गळ टाकण्यापूर्वीं त्यांना विचारणें हें सभ्य माणसाचें कर्तव्य आहे. कोणत्या डोहांत पिलें निघालीं आहेत हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास ठाऊक नसतें, आणि विचारलें तर ते आनंदानें सांगतात.

ज्याला आमिष ताटाएवढ्या जागेंत टाकतां येतें, त्याला त्या जागेंत तें न टाकणेंहि साधतें. नवशिक्याच्या फेंकीवर त्याचा ताबा नसतो. त्याचें आमिष कोठें पडेल तें वाराच ठरवितो, आणि तें पिलांच्या घोळक्यावर पडलें तरी त्याला कळत नाहीं. ज्याची चावी, ब्रेक आणि अंगठा जाग्यावर आहेत, त्याला निवड करतां येते. लालसर घोळका दिसला कीं तो काठी खालीं करतो, शेजारची दुसरी फट पाहतो, किंवा त्या दिवसापुरता दुसऱ्या डोहाकडे वळतो. घरीं जातांना त्याची पिशवी कदाचित्‌ रिकामी असते. पण दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर, त्याच फटींत गळ टाकण्यास त्याच्यासाठीं कांहीं शिल्लक राहिलेलें असतें.